जाळेवाल्याचे धागे

"आधी ते गुणगुणणं बंद करा!"

हे म्हणताना तिनं मागे वळूनही पाहिलं नव्हतं. दार उघडल्याचं तिला कळलं ते समोरच्या पडद्यावरून. इतका वेळ सरळ उतरत आलेली चित्राची कड अचानक नागमोडी झाली होती.

"पण मी... मी तर अगदी हळू गुणगुणत होतो," दारातून आवाज आला.

"तुमच्या कानाला हळू. या यंत्राला तेवढंही सोसत नाही. हे बघा, तुमचं अख्खं गाणं उमटलंय इथं."

तो जवळ आला, वाकला, आणि डोळे बारीक करून त्या वेड्यावाकड्या रेघेकडे पाहत राहिला. चिडायचं सोडून चक्क खूश झाला.

"खरंच की! सूर तरी बरोबर लागलाय का?"

"सुराचं मला कळत नाही. माझं चित्र वाया गेलं, एवढं कळतं." आता ती वळली. समोर एक उंच, किडकिडीत माणूस होता. केस विस्कटलेले, आणि दोन्ही हातांत एक पत्र्याचा डबा इतका जपून धरलेला, की जणू आत झोपलेलं बाळ असावं. "तुमची वेळ अकराची असेल ना? आत्ता साडेदहाच वाजलेत."

"हो, पण म्हटलं... उशीर नको व्हायला."

लवकर येणाऱ्या माणसावर रागावणं तिला कधीच जमलं नव्हतं. तिनं स्टुलाकडे बोट दाखवलं आणि तो गपचूप बसला.

ही खोली होती विद्यापीठाच्या तळघरात, सामायिक उपकरण केंद्रात. कुठल्याही एका विभागाला एकट्यानं सांभाळणं झेपणार नाही अशी मोठमोठी यंत्रं तिथं ठेवली होती. ज्याला गरज असेल त्यानं कॅलेंडरवर वेळ घ्यायची आणि आपला नमुना घेऊन खाली उतरायचं, अशी पद्धत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तिच्या ताब्यात. शेजारच्या खोलीत क्ष-किरणांचं यंत्र, ते काकांकडे. ती नोकरीला लागण्याआधी सूक्ष्मदर्शकही काकाच चालवायचे, त्यामुळे त्यावर अजून आपलाच हक्क असल्यासारखं ते दिवसातून दोनदा डोकावून जात. काका सख्खे कुणाचेच नव्हते, पण इमारतीत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती.

येणाऱ्या माणसांची नावं लक्षात ठेवण्याच्या भानगडीत तळघरात कुणी पडत नसे. नमुना काय आणला, त्यावरून बारसं व्हायचं. सिमेंटचे तुकडे आणते ती सिमेंटवाली. दात आणतात ते दातवाले सर. या नव्या माणसाच्या डब्यात कोळ्यांच्या जाळ्यांचे धागे निघाले, तेव्हा संध्याकाळपर्यंत तो जाळेवाला झालेला होता. तिला मात्र सगळे नुसतं मॅडम म्हणत.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो यायला लागला.

काम नाजूक होतं. एकेक धागा चिमट्यानं उचलायचा, छोट्या चकतीवर बसवायचा, त्यावर सोन्याचा डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ थर चढवायचा, आणि मग चकती यंत्रात.

"माझ्या कोळ्यांना सोनं चढवता," पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "आणि मला साधा चहासुद्धा विचारत नाही तुम्ही."

"कोळी गुणगुणत नाहीत."

एक चित्र पूर्ण व्हायला चाळीस सेकंद लागत. तेवढा वेळ खोलीत कुणी बोलायचं नाही, पाय हलवायचा नाही, खुर्ची कुरकुरू द्यायची नाही. त्यामुळे त्यांच्या गप्पा तुकड्यातुकड्यांनी व्हायच्या. वाक्य अर्ध्यावर आलं की ती ओठांवर बोट ठेवायची, आणि उरलेलं वाक्य चाळीस सेकंद त्याच्या डोळ्यांतच अडकून राहायचं. सुरुवातीला ती पडद्याकडे बघायची. पुढे पुढे... पडद्याकडे बघण्यासारखं रोज नवीन काय असणार!

"श्वास तरी घेतलेला चालतो का?" त्यानं एकदा विचारलं.

"श्वास चालेल. उसासे नकोत."

"मग अवघड आहे," तो म्हणाला, आणि तिनं घाईघाईनं पुढचं चित्र सुरू केलं. ओठांवर बोट ठेवायला मिळालं, हे एक बरं झालं.

दुसऱ्या एका शुक्रवारी त्यानं विचारलं, "तुम्ही स्वतःचं संशोधन का नाही केलंत?"

"केलं की. दोन वर्षं केलं. मग लक्षात आलं, उत्तर काय येतंय याची मला फारशी उत्सुकता नसते. ते नीट मोजलंय ना, याची असते." ती थांबली. हे ती पहिल्यांदाच कुणाला सांगत होती. "लोकांना वाटतं, मी मधेच सोडलं. मी सोडलं नाही. मला माझं काम सापडलं."

पुढची चाळीस सेकंदं तो अगदी स्तब्ध बसला होता. चित्र पूर्ण झाल्यावर म्हणाला, "मी उत्तरामागे धावणारा, तुम्ही मोजणाऱ्या. म्हणजे आपलं जमायला हरकत नाही."

"कामाचं म्हणताय ना?"

तो गोंधळला. कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही... तुम्ही पुढचं चित्र घ्या बरं!"

त्याचा प्रश्न सोपा होता. काही कोळी त्यानं शांत खोलीत वाढवले होते आणि काही इमारतीच्या पंख्यांच्या खोलीत, जिथं दिवसभर घरघर चालते. जिथं सतत हादरे बसतात, तिथं कोळी आपला धागा जाड करतो का? आधी शांत खोलीतल्या कोळ्यांचे धागे मोजून झाले. घरघरीतल्यांचे सुरू करायचे, त्याच सुमारास यंत्राची वार्षिक दुरुस्ती आली.

त्या मंगळवारी इंजिनिअरनं आतला एक भाग बदलला आणि साडेअकराला तो निघून गेला. अशा दुरुस्तीनंतर नियम असा, की पुन्हा काम सुरू करण्याआधी मापाचा तुकडा लावून पाहायचा. मापाचा तुकडा म्हणजे नखाएवढी चकती, तिच्यावर ठरलेल्या अंतरानं आखलेल्या रेघा. यंत्र तेच अंतर दाखवतंय ना, हे बघायचं आणि नोंदवहीत 'तपासलं' लिहून सही करायची. काम अर्ध्या तासाचं.

पण दुरुस्तीनं त्याची निम्मी वेळ आधीच खाल्ली होती. तो दाराबाहेर डबा घेऊन उभा होता. काचेतून तिच्याकडे बघून त्यानं भुवया उंचावल्या— येऊ? तिनं घड्याळ पाहिलं. आणखी अर्धा तास गेला तर आजचे सगळे धागे राहणार, आणि तो शुक्रवारपर्यंत दिसणार नाही. तुकडा काय, उद्या सकाळी लावू. तिनं 'तपासलं' लिहिलं, सही ठोकली आणि दार उघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दातवाले सर घाईचं काम घेऊन आले, आणि ती सकाळ तशीच गेली.

दोन महिन्यांनी तो धावतच खाली आला. जिन्यावरच ओरडत होता, "जाड आहेत! मॅडम, आठव्या हिश्श्यानं जाड आहेत!" काका बाहेर येऊन म्हणाले, "कोण जाड आहे?" आणि सगळं तळघर हसलं.

पुढं सगळं भराभर झालं. त्याचा शोधनिबंध लिहून झाला. लेखकांच्या यादीत त्यानं तिचंही नाव घातलं. एरवी उपकरण केंद्रातल्या माणसाचे नुसते शेवटच्या ओळीत आभार मानतात, तेही आठवलं तर. ते पान तिनं घरी नेऊन तीनदा वाचलं. दुसऱ्या एका विद्यापीठात त्याच्या विषयाची जागा निघाली होती. याच कामाच्या जोरावर तिथून बोलावणं आलं. सोमवारी भाषण, आणि भाषणावर निवड.

"तिकडून आलो की तुम्हाला एक विचारायचंय," निघता निघता तो म्हणाला.

"मग आत्ताच विचारा की."

"आत्ता विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात, तर भाषणाची पार वाट लागेल."

त्या दिवशी ती मनातल्या मनात कितीदा हो म्हणाली, याची मोजदाद ठेवणारं यंत्र त्या केंद्रात नव्हतं.

आणि गुरुवार उजाडला. दर तीन महिन्यांनी यंत्राची पूर्ण तपासणी व्हायची, तिचा दिवस. तिनं मापाचा तुकडा लावला. पडद्यावर आकडा आला. तिला वाटलं, आपलं काही चुकलं. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. आकडा तोच. नवा भाग बसवल्यापासून यंत्र प्रत्येक वस्तू मोठी दाखवत होतं. किती मोठी? बरोबर आठव्या हिश्श्यानं.

शांत खोलीतले धागे दुरुस्तीच्या आधी मोजले होते. घरघरीतले नंतर. म्हणजे कुठलाच धागा जाड नव्हता. जाळेवाल्याच्या हातात जे सापडलं होतं, ते कोळ्यांनी विणलेलंच नव्हतं. ते तिनं, एका खोट्या सहीनं, त्याच्या हातात ठेवलं होतं.

हे कुणालाही माहीत नव्हतं. यंत्राचं माप आज गुपचूप सुधारलं, तर पुढचं सगळं बरोबर येईल आणि मागचं कुणी विचारणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सोमवारी त्याचं भाषण होईल, त्याला जागा मिळेल, आणि परत आल्यावर तो जे विचारणार आहे ते विचारील. तोंड उघडलं तर? त्याचं सोमवारचं भाषण गेलं, जागा गेली, आणि तोही गेला.

ती लहानपणापासून आत्याकडे वाढली होती. आत्या कपडे शिवायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान होतं. त्या संध्याकाळी ती आत्यासमोर काजं करत बसली, पण तिसऱ्यांदा बोटात सुई टोचून घेतल्यावर आत्यानं तिच्या हातातलं कापड काढून घेतलं.

"बोल आता."

"काही नाही गं. समज, एखाद्या बाईनं कुणाचं तरी माप चुकीचं घेतलं..."

"ही बाई माझ्यासमोर बसलीये का?"

मग तिनं सगळं सांगितलं. आत्यानं मशीन थांबवलं नव्हतं. नुसता वेग कमी केला होता. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मी एकदा एकाचा कोट बेतताना चुकले. बाही आखूड झाली. कापड दुसरं मिळणार नव्हतं. मी आतून अशी काही जोड दिली, की त्याला पत्ताच लागला नाही. खूश होऊन घेऊन गेला. सात वर्षं वापरला त्यानं तो कोट."

"मग झालं की."

"काय झालं? तो कोट समोरून येताना दिसला की मी गल्ली बदलायचे. माणूस चांगला होता गं. दोनदा घरी विचारायला आला होता..." आत्यानं दोरा दातानं तोडला. "पण ज्याला एक सांगायचं राहिलंय, त्याच्याशी दुसरं काय बोलणार? सात वर्षं मी त्याच्या बाहीकडेच बघत बोलले."

आत्या एकटी का राहिली, हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशीही तिनं विचारलं नाही. आत्यानं मशीनचा वेग वाढवला.

शुक्रवारी तो आला तो हसतच. सोमवारी दाखवायची चित्रं त्याला तिच्या नजरेखालून घालायची होती.

"बसा," ती म्हणाली. "चित्रं नको. माझं ऐका."

तिनं मापाचा तुकडा लावला आणि त्याला आकडा दाखवला. नोंदवही उघडून दुरुस्तीची तारीख दाखवली. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याचे ओठ हिशेब करताना हलत होते, आणि मग हलायचे थांबले.

"सगळंच?" त्यानं विचारलं.

"दुरुस्तीनंतरचं सगळं."

"पण इथं तर 'तपासलं' लिहिलंय. तुमची सही आहे."

"हो. मी तपासलं नव्हतं."

"तुम्ही?" त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. "तुम्ही तर दरवाजाची कडीसुद्धा दोनदा बघता. का नाही तपासलंत?"

खोटं बोलायला जागा होती. दमले होते, विसरले, इंजिनिअरनं सांगितलं नाही... पण सगळंच सांगायचं ठरवून आली होती ती.

"तुम्ही बाहेर उभे होतात," ती म्हणाली. "म्हणून."

मग त्यानं डबा उचलला, दार अगदी हळू लावून घेतलं, आणि जिन्यावर त्याची पावलं वाजली. तिला रडू आलं ते जिना शांत झाल्यावर.

त्याच दुपारी तिनं केंद्राच्या प्रमुखांना सांगितलं आणि या काळात सूक्ष्मदर्शक वापरलेल्या प्रत्येकाला पत्र लिहिलं. चूक काय, कधीपासून, कुणाची. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिनं पहिल्याच ओळीत दिलं. प्रमुखांनी महिनाभर तिची प्रत्येक नोंद काकांनी तपासायची असं ठरवलं, ते तिला योग्यच वाटलं. सिमेंटवालीनं आकडे सुधारून घेतले आणि आभार मानले. दातवाले सर चार शब्द बोलले, तेही तिनं ऐकून घेतले. काका दिवसातून दोनदा डोकावायचे ते पाच वेळा डोकावायला लागले, आणि दर खेपेला विचारायचे, "जेवलीस का?"

मंगळवारची त्याची वेळ कॅलेंडरवरून पुसलेली होती. शुक्रवारचीही. ती जागा दुसऱ्या कुणी घेतली नाही, आणि त्या दोन तासांत ती खोलीतलं एकूण एक कपाट आवरत बसली. त्याला जाऊन भेटावं असं दहादा वाटलं. पण त्याला सांगण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं. सगळं सांगून झालं होतं.

तिसऱ्या बुधवारी, कॅलेंडरवर काही नसताना, काचेपलीकडे तो दिसला. हातात एक नाही, दोन डबे होते.

"येऊ?"

तिनं दार उघडलं.

"मी सोमवारी गेलो होतो," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "भाषण केलं. म्हणजे... जे सापडलं होतं त्याचं नाही केलं. ते कसं हातातून गेलं, त्याचं केलं. तुमचं नाव घेतलं नाही. पण दाराबाहेर उभं राहण्याचं सोडून बाकी सगळं सांगितलं."

"मग?"

"जागा दुसऱ्याला मिळाली. मिळणारच होती." तो जरासा हसला. "पण मागच्या रांगेतून एकानं विचारलं, आता पुन्हा मोजायचं तर कुणाकडे मोजणार? मी म्हटलं, त्यांच्याकडेच. तो म्हणाला, ज्यांनी चूक केली त्यांच्याकडे? मी म्हटलं, नाही, ज्यांनी ती सांगितली त्यांच्याकडे. आणि म्हणताना माझ्या लक्षात आलं, की मी इतके दिवस चिडलोच नव्हतो. घाबरलो होतो. वाटायचं, तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटून तुम्ही नोकरीच सोडाल. मग मी कुठं शोधणार होतो तुम्हाला?"

तिनं स्टूल त्याच्याकडे सरकवलं. तो बसला नाही.

"दोन्ही खोल्यांतले नवे धागे आणलेत," त्यानं डबे पुढं केले. "एकाच दिवशी, एकाच मापानं मोजू. सारखे निघाले तर सारखे. तेही उत्तरच आहे. पुढचं वर्षभर मंगळवार-शुक्रवार... मोजाल ना?"

"नाही," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला.

"हे धागे मी मोजणार नाही. तुमचा कुठलाच धागा यापुढं मी मोजणार नाही. काका मोजतील."

"बरोबर आहे," तो कसाबसा म्हणाला. "मी... समजलो."

"काही समजला नाहीत. ऐका." तिचा आवाज थरथरत होता आणि तिनं तो थरथरू दिला. "मी आळसानं चुकले नव्हते. तुम्ही दारात होतात म्हणून चुकले. उद्याही तुम्ही दारात असाल, आणि माझं लक्ष आकड्यावर नसेल. ज्याचे धागे मोजायचे, त्याच्यावर मोजणाऱ्याचा जीव असून चालत नाही. आणि माझा आहे. दोन्हीतलं एक सोडायला हवं. तर मी धागे सोडतेय."

हे नाही आहे की हो आहे, ते त्याच्या डोक्यात शिरायला चांगला वेळ लागला. शिरलं तेव्हा त्याच्या हातातले दोन्ही डबे एकदम डगमगले आणि तिनं ते वेळेवर धरले.

"म्हणजे मी जे विचारणार होतो..."

"ते तुम्ही अजून विचारलेलंच नाही."

मग त्यानं विचारलं. अडखळत, दोनदा सुरुवात करून, मधेच तुम्ही म्हणायचं की तू यात गोंधळून. तिचं उत्तर त्याला आधीच माहीत होतं, तरी त्यानं ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

थोड्या वेळानं दोन्ही डबे घेऊन ती शेजारच्या खोलीत गेली. तो मागोमाग होताच. तिनं डबे काकांच्या टेबलावर ठेवले.

"काका, यांचे धागे आजपासून तुम्ही मोजायचे."

काकांनी चष्म्यावरून आधी डब्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग तिच्यामागं भिंतीला टेकून कानापर्यंत लाल झालेल्या जाळेवाल्याकडे.

"का? आता काय बिघडलं तुझ्या यंत्राचं?"

"यंत्र ठणठणीत आहे," ती म्हणाली. "मलाच काहीतरी झालंय."